निळ्या टिकलीचे स्पीकर

३ सप्टेंबर १९७३, सोमवार

आज आमच्या स्पीकरच्या कारखान्यात पुण्याहून माल तपासायचे यंत्र आले. आमचे इंजिनियर खांबेटे साहेब यांनी ते एसटीत सबंध वाटभर मांडीवर धरून आणले. दोन पेट्या आहेत. एकीला मोठी तबकडी, दुसरीला काटा. त्या माझ्याच टेबलावर मांडल्या, तेव्हा माझी जागा गेली असे मी धरून चाललो. 

बावीस वर्षे मी पाथर्डीकडच्या जत्रांत आणि लग्नांत कर्णे लावले. बिघडलेला स्पीकर दोन्ही अंगठ्यांनी हळू दाबला की आतली कॉइल घासते की नाही ते मला कळते. त्या अंगठ्यांवरच मालक काकासाहेबांनी मला या नागापूरच्या कारखान्यात माल तपासायला ठेवले. शिक्षण मराठी चौथी. वय कागदावर अठ्ठावन्न आहे, खरे किती ते आईलाच ठाऊक होते.

साहेब म्हणाले, "कानिफबाबा, घाबरू नका. यंत्र तुम्हीच चालवायचं."

ही डायरीही त्यांनीच दिली. रोज काय केले ते लिहीत जा म्हणाले. आकडे रजिस्टरात लिहायचे, ते त्यांच्यासाठी. ही मी घरी आणली आहे. पत्र्याच्या पेटीत ठेवीन.

४ सप्टेंबर

यंत्र शिकलो. स्पीकरला दोन चिमटे लावायचे आणि तबकडी खालून सावकाश फिरवायची. स्पीकर हुंकारत जातो. एका जागी काटा एकदम चढतो, पुढे गेले की उतरतो. चढला तो त्या स्पीकरचा स्वतःचा आकडा. आमच्या सहा इंची मालाचा एकशेवीस असावा. एकशेदहाच्या खाली किंवा एकशेतीसच्या वर गेला की बाद.

साहेबांनी पाच पैशांचे नाणे मेणाने स्पीकरच्या कागदाला चिकटवले. एकशेवीसचा आकडा एकशेचारवर आला. म्हणाले, "बघा, वजन वाढलं की आकडा उतरतो. किंवा मागची चकती सैल असली तरी उतरतो." चकती म्हणजे कागदाच्या मागे कॉइलला धरून ठेवणारे ताठ केलेले सुरकुत्यांचे कापड. आमच्या बाया तिला पापडी म्हणतात. पापडी सैल असायचे कारण नाही, ती कंपनीतून ताठच येते. मी वजनाचे लक्षात ठेवले.

प्रत्येक बाई आपल्या स्पीकरच्या मागे रंगाची टिकली लावते, कोणाचा माल ते कळावे म्हणून. भागूबाईची लाल. आमच्या छबूची निळी.

यंत्राला कॉइल घासलेली ऐकू येत नाही. म्हणून चिमटे लावण्याआधी मी अंगठ्याने दाबून पाहतोच. साहेबांसमोर मात्र लाज वाटते.

९ सप्टेंबर, रविवार

आज सुट्टी. छबूबद्दल लिहून ठेवतो.

ती माझी सून. सहादेव, माझा मुलगा, भीमा मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला जातो. मुकादमाला कोयता हवा असतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गेल्या साली छबू दिवस भरत आले तरी उसाच्या फडात होती. पाचटाच्या कोपीतच बाळंत झाली. पोरगी दोन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी छबूने कोयता हातात घेतला. मी तेव्हा इथे होतो, मला आठ दिवसांनी कळले.

आता तिला पुन्हा चौथा महिना आहे. मे महिन्यात मी काकासाहेबांच्या पाया पडून तिला इथे लावले. सहादेव म्हणाला, "तिचा पगार चालू हाय तवर तिला ऱ्हाऊ दे. मी चुलतभावासंगं जातो. पगार तुटला तर तिला संगं न्यावं लागंल, अर्ध्या कोयत्याच्या पैशात आपलं भागत न्हाई, बाबा." दसरा झाला की लॉरी निघते. तोवर तिची जागा पक्की झाली पाहिजे. बाकी मला काही नको.

१२ सप्टेंबर

घात झाला. आज निळ्या टिकलीचे बारा तपासले, पाच बाद. एकशेसहा, एकशेसात, एकशेपाच असे. लाल टिकलीचा एकही बाद नाही.

माझ्या घरचा माल म्हणून कोणी बोट दाखवू नये यासाठी तिचे स्पीकर मी जास्त काळजीने पाहतो. बाकीच्यांचे एकदा-दोनदा दाबतो, तिचे दहा-बारा वेळा, चारी बाजूंनी, तळाला जाईपर्यंत. एकाचीही कॉइल घासत नाही. मग आकडा का उतरतो? वजन. डिंक जास्त लावत असणार. त्या नाण्यासारखा.

१३ सप्टेंबर

सकाळी भाकरी खाताना तिला डिंकाबद्दल बोललो. ती तव्यापुढे होती. म्हणाली, "भागूबाई लावती तेवढाच लावते."

"मग तिचा आकडा बरोबर अन् तुझा का चुकतो?"

"मला काय ठावं, मामंजी? आन ती भाकर दाबू नका तीनतीनदा. फुगलेली असती, तुमी तिची वाफ घालवता. बाजारात टरबूज दाबता, सायकलचं चाक दाबता. देवाचा नारळ तेवढा सुटला."

सहादेव असता तर हसला असता. मला हसू आले नाही. डिंक निम्मा कर म्हणून बजावले.

१८ सप्टेंबर

डिंक निम्मा केला तरी आकडा तोच. वर आज तिच्या एका स्पीकरचा कागद कडेने सुटला. माझ्या सांगण्यामुळे सुटला, पण टिकली निळी. साहेबांनी तो हातात फिरवून पाहिला आणि वहीत टिपून ठेवले. ते टिपून ठेवतात तेव्हा मला जास्त भीती वाटते.

काल मी तिचे पंधरा-पंधरा वेळा दाबले. काहीतरी चुकत असेल तर माझ्या अंगठ्याला आधी कळले पाहिजे. पंधरापैकी नऊ बाद.

२१ सप्टेंबर

साहेबांनी रजिस्टर नेले. दुपारी काकासाहेबांच्या खोलीत माझ्यासमोर बोलणे झाले. साहेब म्हणाले, "सहा जणींच्या हाताखाली एकच कागद, एकच पापडी, एकच मॅग्नेट. पाच जणींचा माल एकशेपंधरा ते एकशेसव्वीसमध्ये. एकीचाच खाली. म्हणजे हाताचा दोष."

काकासाहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुण्याची ऑर्डर पाचशेची हाय. ते लोक तपासायला येनार. बाबा, तुमची सून हाय म्हनून दसऱ्यापर्यंत थांबतो. त्याच्या पुढं मला बोलू नका."

बाहेर आलो तर छबू माठाचे पाणी पीत होती. "काय म्हनले?" मी म्हणालो, काही नाही, ऑर्डरीचे बोलणे.

२२ सप्टेंबर

आज मी वाईट काम केले. इथे लिहितो, दुसरीकडे लिहिता येणार नाही.

निळ्या टिकलीच्या एका स्पीकरचा आकडा १०६ लिहिला होता. मधल्या शून्याला खाली शेपूट काढले. ११६ झाले. स्पीकरवरच्या चिठ्ठीलाही तसेच केले. एकच करायचा होता. सात केले.

२५ सप्टेंबर

आज नवल झाले. साहेब तासभर माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले. मी नुसते चिमटे लावले, तबकडी फिरवली. छबूचे सहाच्या सहा बरोबर. एकशेएकोणीस, एकशेबावीस! साहेब चकित झाले. ते उठून गेल्यावर सवडीने पुढचे आठ घेतले, त्यातले पाच पडले.

यंत्रसुद्धा साहेबाला घाबरते की काय कोण जाणे. त्या पाचांच्या शून्यांनाही शेपटे काढली.

२९ सप्टेंबर

उजव्या अंगठ्याला नखुरडे झाले आहे. ठसठस थांबत नाही. भागूबाईने हळद आणि चुना भरून चिंधी बांधली. म्हणाली, "बाबांचा अंगठा आता नवऱ्या मुलावानी सजला. वरात कवा काढायची?" सगळ्या बाया हसल्या. छबूही हसली, पुष्कळ दिवसांनी.

दाबता येत नाही. डाव्या अंगठ्याचा मला भरवसा नाही. नुसते यंत्रावर घेतले. निळे सगळे पास.

१ ऑक्टोबर

निळे सगळे पास. आज चौदा.

घट बसल्यापासून हे सुरू झाले. मोहट्याच्या देवीला मी मनात बोललो होतो. छबूला म्हणालो, "बघ, डिंक नीट लावलास तर कसं जमतं."

ती म्हणाली, "डिंक मी परत पहिल्यावानी लावतीया, मामंजी. आठ दिस झाले."

मी तिच्याशी वाद घातला नाही. देवीचे काम आहे, त्यात डिंकाचे काय.

४ ऑक्टोबर

चिंधी सोडली. नखुरडे फुटून बरे झाले. किती दिवसांनी अंगठा कामाला लागला म्हणून आज सगळा निळा माल मनासारखा दाबून पाहिला.

अकरापैकी आठ बाद.

मला काही कळत नाही. देवी रागावली असेल तर माझ्यावर रागावावी. पुण्याचे साहेब मंगळवारी नऊ तारखेला येणार म्हणून पत्र आले आहे. मी आठही फिरवले. घाईत एक शेपूट जाड झाले.

६ ऑक्टोबर, दसरा

कारखान्यात यंत्राची पूजा झाली. तबकडीला झेंडू वाहिला, मी नमस्कार केला. त्याला सगळे माहीत आहे असे वाटले.

संध्याकाळी भीमा मुकादम आपट्याची पाने घेऊन खोलीवर आला. सहादेवही गावाहून त्याच्याबरोबर आला होता, टोळीच्या तळावर उतरला होता. मुकादम पान देऊन म्हणाला, "कानिफबाबा, सोनं घ्या. शुक्रवारी लॉरी निघती. सहादेव, तुझा कोयता पुरा का अर्धा? मला नाव सांगावं लागतं."

सहादेव माझ्याकडे पाहत राहिला. छबू चहाच्या कपाला धरून उभी होती.

"मंगळवारी सांगतो," मी म्हणालो.

"मंगळवारच्या फुडं न्हाई हां. एक बाई कमी पडली तर मी दुसरी जोडी बघनार."

तो गेल्यावर सहादेव पायरीवर बसला. छबूकडे न पाहता म्हणाला, "ह्या साली तुला मोळ्या उचलू देनार न्हाई. बसून उसाचं वाढं बांध." तिने कप उचलले. फडात कोणी बसून राहत नाही हे तिघांनाही माहीत होते.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याचे साहेब आले. वयस्कर, चष्म्याचे, आवाज शांत. बांधलेल्या खोक्यांतून त्यांनी मनाला येतील ते वीस स्पीकर काढले. आमच्याच यंत्रावर एकेक लावला. चिठ्ठी वाचायची, तबकडी फिरवायची.

"चिठ्ठी एकशेसोळा. यंत्र एकशेसहा."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चिठ्ठी नखाने खरवडली. जाड शेपटाची ती चिठ्ठी. वीसात चार निघाले, चारही निळे. त्यांनी खांबेटे साहेबांना विचारले, "तुमचं यंत्र खोटं बोलतंय की माणूस?"

खांबेटे साहेबांचे कान लाल झाले.  पुण्याचे साहेब म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा बघतो. आहे असंच निघालं तर पाचशेच्या पाचशे परत."

काकासाहेबांनी दारात छबूला सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. सगळ्या बायांसमोर सांगितले. भागूबाई म्हणाली, "काकासाहेब, पोटुशी हाय ती." ते म्हणाले, "मला इथं पन्नास घरं बघायची हायेत."

त्याच दिवशी, संध्याकाळ

 खोलीवर आल्यावर छबूने दाराची कडी लावली आणि विचारले, "मामंजी, माझे आकडे तुमी फिरवले?"

"तुझ्यासाठीच ना."

"मला इचारलं हुतं?"



ती खाली बसली. म्हणाली, "मी दिवसभर इचार करतीया. तुमचा अंगठा बांधला हुता तवा माझं सगळं नीट आलं. साहेब बाजूला बसले तवाबी नीट आलं. तुमी साहेबांम्होरं दाबत न्हाई. आन माझ्या मालाला तुमी किती येळा दाबता ते भागूबाई मोजती. तिला वाटतं तुमी माझी खोडी काढता."

मला इतका राग आला की उभा राहिलो. "म्हणजे मी बिघडवतो? बावीस वर्षं या अंगठ्यानं..."

ती उठली. खुंटीवरची माझी पांढरी टोपी काढली. दसऱ्याला तिनेच खळ देऊन इस्त्री केली होती, पत्र्यासारखी ताठ. माझ्यापुढे धरून अंगठ्याने दाबली, सोडली, दाबली, सोडली. दहा-बारा वेळा. तळाला जाईपर्यंत. मग चटईवर ठेवली. टोपी एका बाजूला कलली आणि बसली.

"ती पापडी म्हंजी खळ दिल्यालं कापडच हाय ना, मामंजी?"

मी टोपीकडे पाहत राहिलो. चकती सैल असली तरी आकडा उतरतो, असे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मागची पाने उलटून पाहिली. मीच लिहिले आहे. पापडी सैल असायचे कारण नाही, हेही मीच लिहिले आहे.

मग ती म्हणाली, "उद्या तुमी बोला न्हाईतर नका बोलू. मी कुनाला सांगनार न्हाई. दाबली तुमी, ती भाकर तुमची हाय."

मुकादमाकडे निरोप गेला नाही. सहादेव दोनदा येऊन दारावरून परत गेला.

१० ऑक्टोबर

जमेल तसे लिहितो.

सकाळी छबूला बरोबर घेऊन गेलो. फाटकावर अडवले, मी तिचा हात सोडला नाही. आयुष्यात सुनेचा हात कधी धरला नव्हता.

दोन्ही साहेब आणि काकासाहेब टेबलाशी होते. मी म्हणालो, "मला एक दाखवायचं आहे."  भागूबाईच्या पाटावरून आत्ताच सुकून निघालेला लाल टिकलीचा स्पीकर मागितला. तो मी हातात घेतला नाही. खांबेटे साहेबांनीच चिमटे लावले. एकशेएकवीस.

मग मी तो घेतला आणि रोज छबूचा दाबतो तसा दाबला. सगळे बघत होते. भागूबाई मोठ्याने मोजू लागली. "एक, दोन, तीन..." बारावर थांबलो.

"आता लावा."

साहेबांनी तबकडी फिरवली. काटा लवकर चढला. त्यांनी पुन्हा खालून फिरवली, वाकून पाहिले.

"एकशेआठ," ते म्हणाले.

  पुण्याच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. खांबेटे साहेब माझ्या अंगठ्यांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बाबा, मी महिनाभर या बाईंचा डिंक तपासतोय."

"हिचा हात चांगला आहे," मी म्हणालो. "भागूबाईसारखाच. दोष माझा."

"आणि ते एकशेसोळा?" काकासाहेबांनी विचारले.

इथवर आलो होतो. पुढचे न सांगता राहता आले असते, यंत्रावर ढकलता आले असते. छबू भिंतीशी उभी होती, पदर तोंडाशी.

"तेबी माझंच. वीस फिरवले. तिला ठावं नव्हतं."

काकासाहेब खुर्चीवर बसले. "म्हातारबा, आवो सगळा कारखाना बुडवीत हुता की तुमी!" असे दोनदा म्हणाले.

पुण्याचे साहेब मात्र निराळेच बोलले. म्हणाले, महिनाभर वाजला की कुठलाही स्पीकर थोडा सैल होतोच, कारखाना मोजतो तो नवा ताठ आकडा. दाबलेले निळे बाजूला काढा. बाकीचे आणि छबूचे आजचे, कोणी हात न लावलेले, माझ्यासमोर मोजा. मोजले. दुपारी दोनपर्यंत मोजत होते. छबूचे तेरा होते. सगळ्यात खालचा एकशेसतरा, सगळ्यात वरचा एकशेतेवीस. साहेब खांबेट्यांना म्हणाले, "सहा जणींत सर्वांत एकसारखा हात हिचा आहे. बघा."

ऑर्डर राहिली, छबूची जागाही राहिली. मला मात्र टेबलावरून काढले. फिरवलेल्या आकड्यांना दुसरी शिक्षा नाही. काकासाहेब म्हणाले, "दाराशी बसा. खोक्यांत भुसा भरा. अन् स्पीकरला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावणार," मी म्हणालो.

संध्याकाळी सहादेवला मुकादमाकडे पाठवले. अर्धा कोयता म्हणून सांगायला.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉरी सकाळीच गेली. सहादेव वर चढला तेव्हा छबूने त्याला भाकरीचे गाठोडे दिले. मुकादम कुरकुरला, पण चुलतभावासंगे घेतला त्याला. धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "चला मामंजी, भोंगा व्हईल."

दिवसभर भुसा भरला. माझ्या जुन्या टेबलावर भागूबाई बसते. खांबेटे साहेबांनी नवी पद्धत बसवली आहे. मोजण्याआधी सगळे स्पीकर दहा मिनिटे एकदम यंत्रावर गुणगुणत ठेवायचे, कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. मगच आकडा घ्यायचा. पुण्याच्या साहेबांशी बोलून बाद धरायच्या हद्दीही खाली घेतल्या. सगळा हॉल घुमतो. दाराशी बसून ऐकले तर बरे वाटते. त्यातला निळा कोणता ते ओळखू येत नाही.

आपण चांगले करायला गेलो आणि ज्याची भीती होती तेच हाताने घडवत होतो, हे अजून माझ्या नीट पचनी पडत नाही. रोज थोडे थोडे पडेल.

१४ ऑक्टोबर, रविवार

छबूने भाकरी केली. पहिलीच चांगली फुगली. ताटात वाढली. वाफ आत कोंडलेली, वर पापुद्रा तणावलेला. माझे हात आपोआप पुढे गेले होते. मागे घेतले, मांडीवर ठेवले.

तिने पाहिले. दुसरी भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "दाबा की, मामंजी. ही घरची हाय."